जन्मनोंदीचा उतारा

ब्रॅडफर्ड,
ता. २० नोव्हेंबर १९६४

ती. आईच्या पायांवर श्रीमंतचं डोकं. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. पहिल्या पत्रात तुझी अक्षरं कळपातून फुटलेल्या कोकरांसारखी पानभर पांगायची. आता एका वाटेनं चालतात. विष्णुपंत गुरुजींनी शेजारी बसून हाकली असणार, असा मला संशय आहे.

आता कामाचं. जूनमध्ये पास झाल्यापासून मी इथल्या एका लोकरीच्या गिरणीत हाताखाली शिकतो, हे तुला ठाऊक आहे. त्या लोकांना मला कायमचं ठेवायचं आहे. पण इथं शिकायला आलेल्या माणसाला शिक्षण संपलं की परत जावं लागतं. राहून नोकरी करायची तर सरकारचा परवाना लागतो, आणि तो मी स्वतः मागून मिळत नाही. गिरणीच्या मालकानं कामगार खात्याला लिहायचं, की हाच माणूस आम्हाला पाहिजे, या कामाला दुसरा मिळत नाही, याची हमी आमची. आपल्यात सोयरीक जुळवायला मध्ये वजनाचा माणूस लागतो ना, तसंच हे.

मालकानं लिहायचं कबूल केलं ते होल्डन साहेबांमुळं. हे लोकर निवडण्याच्या खात्याचे मुख्य. पिकल्या केसांचा, फार कमी बोलणारा माणूस. मागच्या महिन्यात त्यांनी माझ्यापुढं लोकरीचे पाच झुबके ठेवले आणि डोळे मिटून सांग म्हणाले. खांद्याची कुठली, मांडीची कुठली ते सांगितलं. चौथा झुबका हातात घेतला आणि म्हणालो, ही मेलेल्या मेंढीची आहे. त्यांनी विचारलं कशावरून. आता हे इंग्रजीत कसं सांगावं? तू मला अंगणात शिकवलं होतंस, की मेलेल्या जनावराची लोकर दाबली तर हाताला उत्तर देत नाही. तसंच शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी तो झुबका स्वतः पुन्हा दाबून बघितला आणि दुसऱ्या दिवशी मालकाकडं गेले.

एक कागद तेवढा कमी आहे. शाळेच्या दाखल्यावर हे खातं भागवून घेत नाही. गावच्या मूळ दप्तरातला जन्मनोंदीचा उतारा पाहिजे. उमरग्याला तहसिलीत मिळेल. गुरुजींना घेऊन जाशील का? तीन वर्षं काम करीन, मग तिकडं येऊन सूतकताईची चांगली यंत्रं बसवू, असं मनात आहे. तुझं काय म्हणणं आहे ते कळव.

कोंडीराम काकांना नमस्कार. तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

तुझा,
श्रीमंत

॥ बिरोबा प्रसन्न ॥

मुरुम,
ता. ९ डिसेंबर १९६४

चि. श्रीमंतास आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं निळं पत्र मंगळवारी आलं. टपालवाल्यानं विचारलं, वाचून देऊ का. त्याला म्हटलं, बाबा, दोन वर्षं झाली, माझं मला वाचता येतं, तू फक्त उजेडातून बाजूला हो. वाचायला दुपार गेली. ‘हमी’वर अडले नाही, ‘कामगार खातं’ दोनदा वाचलं.

गुरुजी शेजारी बसत नाहीत. तुझ्या दुसरीच्या पुस्तकावरून मी शिकले ती कुणाच्या हाकण्यानं नाही. तुझे आप्पा गेल्यावर तुझी पत्रं कोंडीराम भावजी पेठेत नेऊन वाचवून आणायचे. ‘जेवतेस ना वेळेवर’ हे तू मला लिहिलेलं, ते मी किराणा दुकानदाराच्या तोंडून ऐकायची. तेव्हा ठरवलं, हे काही खरं नाही.

माझं म्हणणं विचारतोस की तुझं कळवतोस ते समजलं नाही. मेंढरानं वाट धरली की मागून हाक मारून उपयोग नसतो, पुढं जाऊन उभं राहावं लागतं. मी काय विलायतेत येऊन उभी राहणार आहे? जाताना दोन वर्षं म्हणाला होतास. आता वर तीन म्हणतोस. असो. तुझे आप्पा असते तर म्हणाले असते, हाताला काम मिळतंय तर हात आखडू नये.

गुरुजींबरोबर एसटीनं उमरग्याला जाऊन आले. जन्माचं जुनं दप्तर निजामाच्या वेळचं, सगळं उर्दूत. तिथला कारकून म्हणाला, वाचणारा माणूस रजेवर आहे. गुरुजी म्हणाले, मी उर्दूतच परीक्षा दिलेली आहे, वही काढा. तर कारकून म्हणतो, वही काढायचाच माणूस रजेवर आहे. बावीस तारखेला बोलावलंय.

इकडं यंदा कोकरं चांगली आहेत. काळ्या मेंढीला जुळं झालं. एक अशक्त होतं, त्याला चुलीपाशी ठेवलं, आता उड्या मारतंय. थंडीत छातीला झाकून घेत जा. मागितलेलं सगळं मिळो, आणि न मागितलेलं तिकडंच राहो.

तुझी आई,
नागूबाई

ब्रॅडफर्ड,
ता. ६ जानेवारी १९६५

ती. आईस सा. न.

बावीस तारीख होऊन पंधरा दिवस झाले. रोज संध्याकाळी घरमालकीणबाई जिन्याखालच्या फळीवर टपाल ठेवते, आणि मी अंगातला कोट न काढता आधी तिकडं बघतो. वही काढायचा माणूस अजून रजेवरच आहे का?

मालकाचं पत्र खात्याकडं गेलं. खात्यानं उलट कळवलंय, की उतारा पंधरा मार्चच्या आत पाहिजे. माझी इथं राहायची मुदत मार्चअखेर संपते. परवाना नाही तर एक एप्रिलला मी बोटीवर. तसं झालं तर ते काही मरण नाही, घरीच येईन. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मला हे काम फार आवडलंय.

आमच्या खोलीला उत्तरेकडं मोठ्या काचा आहेत, ऊन कधी आत येत नाही. सपाट, एकसारखा उजेड. लाकडी पाटावर एकेक आख्खी कातरलेली लोकर उलगडायची आणि हातांनी वेगळी करत जायची. आजूबाजूला सगळे साठीचे. त्यांची मुलं या कामाला यायला तयार नाहीत. दुपारी चहा पिताना त्यांच्यातला एक म्हणाला, की आमचं काम शिकायला अखेर मेंढराच्या मागून चालत आलेलाच पोरगा लागला. थट्टाच होती, पण मला ती शाबासकीसारखी लागली.

गुरुजींनाही वेगळं पत्र टाकलं आहे. तू लवकर लिही. काळजी फक्त पत्र नसल्याची आहे.

तुझा,
श्रीमंत

मुरुम,
ता. १९ जानेवारी १९६५

चि. श्रीमंत यास विष्णुपंत याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. त्यात मजवर दिरंगाईचा जो सौम्य आरोप आहे तो मी विद्यार्थ्याकडून आलेला म्हणून सोडून देतो. उतारा बावीस डिसेंबरलाच मिळाला. मी स्वतः वाचला आणि तुझ्या मातोश्रींच्या हाती दिला. त्यानंतर त्यांच्या दारी चार वेळा गेलो. चारही वेळा चहा मिळाला, कागद मिळाला नाही.

त्यात एक अडचण आहे. ती सुटण्यासारखी आहे, पण सांगण्याचा अधिकार माझा नाही. तुझी शाळेतली जन्मतारीख माझ्याच हाताने लिहिलेली आहे, म्हणून या घोटाळ्यात माझाही वाटा आहे. नऊ वर्षांचा मुलगा इतका लहानखुरा कसा, हे मी तेव्हा विचारायला हवे होते. विचारले नाही.

तुझे पत्र मी त्यांना वाचून दाखवले नाही. त्यांच्या हातात दिले. त्यांनी वाचले आणि आत गेल्या. धीर धर. कळावे, स्नेह टिकवावा.

विष्णुपंत

॥ बिरोबा प्रसन्न ॥

मुरुम,
ता. ३० जानेवारी १९६५

चि. श्रीमंतास आशीर्वाद.

कागद माझ्यापाशी आहे. महिना होऊन गेला. लोकरीच्या पोत्यात घालून ठेवला होता. गुरुजींना बोल लावू नको.

त्या दिवशी कारकुनानं वही काढली. गुरुजींनी बोट ठेवून वाचलं. श्रीमंत, बापाचं नाव गुंडाप्पा, जात धनगर, राहणार मुरुम. साल फसली, निजामाच्या मोजणीचं होतं, ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, सन छत्तीसचा फेब्रुवारी. शाळेच्या दाखल्यावर आहे तेच. मग त्यांचं बोट पुढच्या रकान्यावर गेलं आणि थांबलं. तिथं एकच शब्द होता, फौत. खाली तारीख, सन अडतीसचा जानेवारी. कारकून हसला. म्हणाला, बाई, तुमचा मुलगा विलायतेत कशाचा, तो तर सत्तावीस वर्षांमागंच गेलाय.

तो खोटं सांगत नव्हता. तुझ्याआधी मला एक मुलगा झाला होता. त्याचं नाव श्रीमंत.

दोन वर्षांचा व्हायला महिना कमी होता. पौषात त्याच्या छातीत कफ भरला. कळप बाहेर काढायचा होता, तो त्याच्यासाठी थांबवला. चार दिवस काढले त्यानं. त्याला पांघरायला जावळाची घोंगडी होती. कोकराची पहिली कातरण असते ना, रेशमासारखी, तिचं सूत मी पोटुशी असताना कातलं होतं. तो गेला तेव्हा मी त्याला त्या घोंगडीतच गुंडाळला. तुझ्या आजीनं, गजराबाईनं, ती काढून घेतली. म्हणाली, जाणारा उघडाच जातो, येणाऱ्याला लागंल. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात नेला त्याला. ओढ्याच्या पलीकडं. लई थंडी होती. एवढं एक माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांची सहा गेलेली. त्यांनी सांगितलं, रडू नको, रडलीस तर तो वाट चुकंल. म्हणून मी रडले नाही. वर्षानं तू झालास. आम्ही कळपाबरोबर होतो, अक्कलकोटच्या अंगाला, बोरी नदीच्या काठी. निजामाची हद्द ओलांडलेली, म्हणून तुझं नाव मुरुमच्या वहीत नाही, आणि तिकडच्या वहीत परक्या धनगराचं पोर कोण लिहितो? तुझ्या डाव्या कानामागं तीळ होता. त्यालाही तिथंच होता. सगळे म्हणाले, आला, परत आला. तेच नाव ठेवलं, त्याच घोंगडीत तुला घेतलं. मी पण हसले. मग त्याचं रडायचं राहूनच गेलं. जो परत आलाय त्याला कोण रडतं?

पण मला कळलं होतं. तो कुत्र्याला भ्यायचा. तू रांगत जाऊन कुत्र्याच्या तोंडातली भाकर ओढून घेतलीस. सगळे हसत होते, आणि मी चुलीपुढं बसून म्हणत होते, हा वेगळा आहे. कुणाला सांगणार. तुला कसं सांगणार, की तुझं नाव तुझ्या आधी दुसऱ्याचं होतं.

शाळेत घालताना गुरुजींनी तारीख मागितली. आप्पा पोलीस पाटलाकडं गेले. वहीत त्या नावाची एकच नोंद. पाटलानं तारीख वाचली, पुढचा रकाना वाचला नाही. आप्पांनी विचारला नाही. मला वाटतं त्यांना ठाऊक होतं पुढं काय असणार. म्हणून तू कागदावर तीन वर्षांनी मोठा.

तहसिलीत म्हणतात, सोपं आहे. आईनं शपथेवर लिहून द्यायचं, की त्या तारखेचा श्रीमंत मेला आणि हा दुसरा. दोन साक्षी पाहिजेत. सोपंच आहे. पण तो मेला हे मी सत्तावीस वर्षांत एकदाही तोंडातून काढलेलं नाही. आत्ता वर लिहिलं तेच पहिल्यांदा. हे एक कारण.

दुसरंही आहे. कागद पोत्यात राहिला तर तू एप्रिलला घरी येतोस. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. आप्पा गेल्यापासून गप्प बसायला मी शिकलेच आहे. तुझं ते उत्तरेच्या उजेडाचं पत्र दोनदा वाचलं आणि परत पोत्यात हात घालून बघितलं, कागद आहे का. असली आई आहे तुझी.

रागावलास तर रागाव. पण लिही.

नागूबाई

ब्रॅडफर्ड,
ता. १० फेब्रुवारी १९६५

ती. आईस सा. न. आणि त्याशिवाय जे शब्दांत बसत नाही ते.

तुझं पत्र मिळून दोन दिवस झाले. पहिल्या दिवशी कामावर माझा हात तीनदा चुकला. मांडीची लोकर खांद्याच्या ढिगात टाकली. होल्डन साहेबांनी ती उचलून जागेवर ठेवली. दुपारी माझ्या शेजारी येऊन बसले. घरून वाईट बातमी आहे का, विचारलं. मी म्हणालो, मला भाऊ होता असं आज कळलं. ते म्हणाले, मग ती अर्धीच वाईट आहे.

मी रागावलेलो नाही. आधी वाटलं होतं, रागवावं, आणि थोडा वेळ रागावून बघितलंही. पण कानामागं हात गेला आणि राग टिकला नाही. लहानपणी मी तुला विचारायचो, मला भाऊ का नाही. तू म्हणायचीस, भाकर खा. आता कळलं, तू दर वेळी भाकरच का वाढायचीस.

ती घोंगडी इथं आहे, आई. तू पेटीत तळाशी घातली होतीस, मी पायांवर घेतो. काल घेतली नाही. मग वाटलं, त्यानं एवढी वर्षं दिली, आज नाकारली तर त्याला काय वाटेल. परत घेतली.

आता नीट ऐक. तू उमरग्याला जाऊ नकोस. मला हे काम हवं आहे, हे मी मागं लिहिलं आणि ते खरं आहे. पण तुझ्या तोंडून ते शब्द वदवून घेऊन मिळणारा परवाना मला नको. मी एप्रिलला येतो. सोलापुरात गिरण्या आहेत, कुठं ना कुठं लागेन. मालकांना मी सांगेन की दप्तर सापडत नाही. तू कागद पोत्यात ठेवलास याचं मनाला लावून घेऊ नकोस. मी तुझ्या जागी असतो तर चुलीत घातला असता.

फक्त एक कर. तो कसा होता ते मला लिही. बोलायचा का? काय म्हणायचा? मला कुणाविषयी एवढं जाणून घ्यावंसं आजवर वाटलेलं नाही.

तुझा,
श्रीमंत

॥ बिरोबा प्रसन्न ॥

मुरुम,
ता. २४ फेब्रुवारी १९६५

चि. श्रीमंतास आशीर्वाद, आणि होल्डन साहेबाला माझा रामराम सांग. शहाणा माणूस आहे.

तू जाऊ नको म्हणालास म्हणून गेले. लहानपणी तू माझं ऐकलं नाहीस, आता मी तुझं कशाला ऐकू? नोंदणीच्या टपालानं कागद पाठवलाय, या पत्राच्या आगंमागं पोचेल.

तो कसा होता विचारलंस. सत्तावीस वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. तो गोल तोंडाचा होता. तीन शब्द यायचे. आई, बा, आणि मेंढराला ‘हुर्र’. ‘हुर्र’ सगळ्यात चांगलं यायचं. गूळ दिला तर आधी मुठीत दाबून धरायचा, मग मूठ चाटायचा. तुझ्यासारखा रडका नव्हता. आणि झोपताना माझ्या अंगठ्याला धरायचा, ह्या उजव्या. बाकी कुठल्या बोटाला नाही. सोडवून घेतला की जागा व्हायचा, म्हणून मी डाव्या हातानं भाकरी उलटायला शिकले.

तुला लिहून टाकल्यापासून, तीस तारखेपासून, मी सूत काढायला बसले होते. यंदाच्या कोकरांची पहिली कातरण भावजींकडून मागून घेतली. चुलीपाशी वाचवलेल्या त्या अशक्त कोकराचीच जास्त. हरिबा सनगराला नेऊन दिलं विणायला. दीड हात लांब म्हटलं. तो म्हणाला, नागूबाई, एवढ्याशा घोंगडीला माग कशाला अडवू, कुणाचं बाळ हाय? मी सांगितलं, माझं. थोरलं. त्यानं माग मोकळा केला. खळ देऊन, वाळवून, कड बांधून दिली त्यानं, आणि माझ्याकडून काही घेतलं नाही.

सोमवारी उमरग्याला गेलो. गुरुजी एक साक्षी, दुसरी सिताबाई. तुझ्या जन्माला ती होती आणि त्याच्याही. वय झालंय, एसटीत चढवायला दोन माणसं लागली, पण तोंड अजून तसंच. तहसीलदार तरणा आहे, तुझ्याएवढाच. त्यानं सिताबाईला विचारलं, हे दोन वेगळे मुलगे कशावरून. ती म्हणाली, साहेब, दोघं माझ्या हातावर आले. एक घरात चिमणीच्या उजेडात, एक बोरी नदीच्या वाळूत. दोघांच्या नाळा म्या कापल्या. एका माणसाला दोन नाळा असत्यात व्हय? तहसीलदार हसला, पण लिहून घेतलं त्यानं.

मग माझ्याकडं वळला. म्हणाला, तुमच्या शब्दांत सांगा. मी सांगितलं. माझा थोरला मुलगा श्रीमंत सन अडतीसच्या जानेवारीत मेला. माझा धाकटा मुलगा श्रीमंत जिवंत आहे आणि विलायतेत आहे. दोन वाक्यं. वाटलं होतं, म्हणताना तोंड वाकडं होईल. झालं नाही. बाहेर मोटारीचा भोंगा वाजत होता, कुणी तरी अर्ज लिहीत होतं. जग काही थांबलं नाही.

कारकुनानं सवयीनं शाईची गादी पुढं सरकवली. गुरुजी म्हणाले, बाई सही करतात. मी सही केली, तुझ्या नावाखाली, चांगली सरळ. कारकून कागद ओढायला लागला तर मी म्हटलं, थांबा. गादी जवळ घेतली आणि शेजारी अंगठाही उठवला. तो वैतागला. म्हणाला, एक कायतरी करा, सही येती तर अंगठा कशाला, कागद खराब केला. तहसीलदार म्हणाला, राहू द्या.

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, तुला सांगते. तो होता तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. त्याला ठाऊक असलेली आई अंगठ्याचीच. सही मी तुझ्या पुस्तकावरून शिकले, ती तुझी. त्याच्या बाबतीत सही करणारी कुणी तरी परकी बाई वाटली असती.

परत येताना सिताबाईला घरी सोडली आणि ओढ्यापलीकडं गेले. त्याच्यावर रचलेले दगड आहेत अजून. त्यांच्यावर घोंगडी पांघरली, कडेनं वाऱ्यानं उडू नये म्हणून चार दगड ठेवले. तिथं बसून रडले. मोठ्यानं. भावजी कळप घेऊन लांब उभे होते, त्यांनी मेंढरं वळवली आणि दुसरीकडं नेली. आता वाट चुकायची भीती नाही. त्याला कुठं यायचंच नाही. तू तुझा आलेला आहेस.

म्हणून एप्रिलला येऊ नको. तीन वर्षं म्हणालास, ती तीनच कर. मी मोजायला पण शिकले आहे. रोज रात्री घोंगडी घे पायांवर. ती आता तुझीच.

आहे ती माया दोघांत वाटली तरी कमी होत नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी आई,
नागूबाई

ब्रॅडफर्ड,
ता. २ एप्रिल १९६५

ती. आईच्या पायांवर डोकं. वि. वि.

परवाना मिळाला. मुदत संपायला चार दिवस उरले होते. आधी एका वर्षाचा असतो, मग मालकानं पुन्हा लिहायचं. माझी नवी जन्मतारीख सिताबाईच्या साक्षीवरून सन एकोणचाळीसचा फेब्रुवारी अशी धरली आहे. म्हणजे मी एका रात्रीत तीन वर्षांनी लहान झालो. तू आणि काका माझ्या लग्नाचं जे बोलत होता, ते तेवढंच पुढं ढकलायला हरकत नाही. ती तीन वर्षं त्याची होती, इतके दिवस मी अंगावर घालून हिंडत होतो. त्याची त्याला गेली, याचं बरं वाटतं.

कामगार खात्याच्या फॉर्मात एक ओळ होती, भावंडं किती. मागच्या वेळी मी तिथं रेघ मारली होती. या वेळी एक भाऊ असं लिहिलं, पुढं कंसात थोरला. खात्याच्या साहेबांनी त्यावर जास्त काही विचारलं नाही.

गुरुजींना सांग, त्यांच्या विद्यार्थ्यानं आरोप मागं घेतला आहे. हरिबा सनगराला माझा नमस्कार. तुझा रामराम होल्डन साहेबांना पोचवला. त्यांना तो दोन दिवस उच्चारता येत नव्हता, आता रोज सकाळी मला तोच घालतात.

शपथेचा तुझा मूळ कागद खात्यानं परत पाठवला, तो मालकाच्या कचेरीतून होल्डन साहेबांनीच आणून दिला. देण्याआधी ते खिडकीपाशी गेले आणि लोकर बघतात तसा त्यांनी तो उत्तरेच्या उजेडाला धरला. अक्षर वाचता येत नव्हतं, पण बघत राहिले. मग विचारलं, की खाली एक सही आहे आणि तिच्या शेजारी अंगठा. दोन बायका होत्या का?

मी म्हणालो, एकच. सही माझ्या आईची आहे, आणि अंगठा माझ्या भावाच्या आईचा.

त्यांनी कागद पहिल्याच घडीवर दुमडून माझ्या हातात दिला. मी तो घोंगडीत ठेवला आहे.

वेळेवर जेव. तुझं तू वाचशील म्हणून लिहितो, नाहीतर लिहिलं नसतं.

तुझा धाकटा,
श्रीमंत